दोन बाय चार मिलिमीटर

डोळ्याच्या पडद्यामागे पेशींचा एक थर असतो. एकपदरी, केसाच्या जाडीहून कितीतरी पातळ. मायक्रोस्कोपखाली वरून पाहिलं तर काळपट तपकिरी षटकोनी पेशी एकमेकींना घट्ट चिकटून बसलेल्या दिसतात. नेत्रतज्ज्ञ त्याला आरपीई म्हणतात. मी इथे रंजक थर म्हणेन. हा थर स्वतः काही पाहत नाही. प्रकाश टिपतात त्या त्याच्या पुढ्यातल्या दंडपेशी आणि शंकुपेशी, आणि शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत नावंही त्यांचीच असतात. पण त्या जगतात रंजक थराच्या जिवावर.

हे जगवणं म्हणजे नेमकं काय, ते नीट पाहण्यासारखं आहे. प्रकाश झेलणारं पेशीचं टोक सतत झिजत असतं. पेशी तळाकडून नवा भाग घडवत राहते आणि टोकाकडचा जुना भाग रोज टाकून देते. दंडपेशीचं अख्खं टोक साधारण दहा दिवसांत नवं होतं. टाकलेला भाग मागची रंजक पेशी गिळते आणि पचवते. रिचर्ड यंग आणि डीन बॉक यांनी १९६९ मध्ये हे दाखवून दिलं. एकेका रंजक पेशीच्या वाट्याला तीस-चाळीस प्रकाशपेशी येतात, आणि मोठ्या माणसाच्या डोळ्यात ती स्वतः सहसा पुन्हा विभागत नाही. म्हणजे लहानपणी जी होती तीच ऐंशीव्या वर्षीही रोज हे काम करत असते. शिवाय मागच्या रक्तवाहिन्यांतून येणारं पोषण पुढे पोचवायचं, प्रकाशाने बदललेला अ जीवनसत्त्वाचा रेणू पुन्हा वापरण्याजोगा करून द्यायचा, आणि रक्तातलं नको ते पडद्यापर्यंत येऊ द्यायचं नाही. ही सगळी कामं त्या एकाच थराकडे आहेत.

माझ्या आत्याच्या दोन्ही डोळ्यांत हा थर मधोमध झिजून गेला आहे.

आत्या सांगलीला असते. आयुष्यभर तिने शाळेत भूगोल शिकवला. आता तिला समोरच्या बाईच्या कानातलं दिसतं, पण चेहरा दिसत नाही. कडेचं सगळं शाबूत, मधलं गेलेलं. त्यामुळे ती घरात न धडपडता वावरते, चहा करते, भाजी निवडते, आणि ओळखीचं कुणी रस्त्यात भेटलं तर त्याच्या खांद्याकडे बघत बोलते. लोकांना ती तुटक वागते असं वाटतं. याचंच तिला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, वाचन बंद झालं त्याहूनही. मोतीबिंदू काढला की दिसायला लागेल, असं सगळे नातेवाईक म्हणत होते. मोतीबिंदू निघाला, कडेचं जग उजळलं, मधला डाग होता तिथेच राहिला. कारण दोष भिंगाचा नव्हताच. पडद्याच्या केंद्रभागी, ज्याला पीतबिंदू म्हणतात तिथे, रंजक थर मेला आणि त्याच्यामागून त्याच्या पुढ्यातल्या प्रकाशपेशीही मरत गेल्या. याला ड्राय एएमडी म्हणतात, उतारवयातल्या पीतबिंदूच्या ऱ्हासाचा कोरडा प्रकार. ओल्या प्रकारात पडद्यामागे नको त्या रक्तवाहिन्या उगवून पाझरतात. त्यावर डोळ्यात द्यायची इंजेक्शनं गेली वीसेक वर्षं आहेत आणि ती चांगली लागू पडतात. कोरड्यावर ती चालत नाहीत. २०२३ मध्ये अमेरिकेत कोरड्या प्रकाराच्या शेवटच्या टप्प्यासाठी दोन औषधं मंजूर झाली. डाग पसरण्याचा वेग ती कमी करतात. गेलेलं परत आणत नाहीत.

आत्याने मला एकदा विचारलं, "अगं, जळलेल्या माणसाला कातडी लावतात, टकलावर केस लावतात, मग एवढा एक थर नवा का नाही लावत?"

मी जैवतंत्रज्ञान शिकले आणि काही वर्षं सेल कल्चरच्या, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याच्या, प्रयोगशाळेत काम केलं, म्हणून घरात असे प्रश्न माझ्याकडे येतात. हा प्रश्न तर शल्यविशारदांनाही पडला होता. रॉबर्ट माखेमर, ज्यांनी डोळ्याच्या आतली पारदर्शक जेली काढून पडद्यापर्यंत पोचण्याची शस्त्रक्रिया घडवली, त्यांनी १९९० च्या दशकात एक धाडस केलं. पीतबिंदूखालची जागा खराब झाली असेल तर पीतबिंदूच उचलून चांगल्या जागेवर न्यायचा. अख्खा पडदा सोडवायचा, फिरवायचा आणि पुन्हा बसवायचा. त्यानंतर माणसाला जग कललेलं दिसायचं, म्हणून डोळ्याचे स्नायूही सरकवावे लागत. गुंतागुंत खूप होती आणि पुढे इंजेक्शनं आल्यावर ही शस्त्रक्रिया मागे पडली. पण त्यातल्या काही रुग्णांना पुन्हा वाचता आलं. म्हणजे खालचा थर चांगला मिळाला तर वरच्या पेशी, त्या अजून जिवंत असल्या तर, सावरतात. आजच्या सगळ्या प्रयत्नांचा पाया मला तिथे दिसतो.

मग नव्या पेशी आणायच्या कुठून? १९९८ मध्ये मानवी भ्रूणातल्या मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या इतर पेशी घडतात त्या स्टेम सेल, प्रयोगशाळेत वाढवता आल्या. २००६ मध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या कातडीतल्या साध्या पेशी चार जनुकांच्या मदतीने मागे नेऊन मूळपेशींसारख्या केल्या. त्यांना आयपीएस पेशी म्हणतात. या दोन्हींपासून रंजक पेशी घडवता येतात, आणि त्यांचा एक मोठा गुण असा की त्या स्वतःला लपवत नाहीत. इतर बहुतेक पेशी कल्चरमध्ये पारदर्शक असतात, कोण काय झालंय ते कळायला रसायनं लावून बघावं लागतं. रंजक पेशी मात्र आठवड्यांमागून आठवडे गुलाबी पोषक द्रवाखाली हळूहळू काळ्या होत जातात. डिशच्या तळाशी साध्या डोळ्यांना दिसतील असे ठिपके उमटतात. मी स्वतः या पेशींवर काम केलेलं नाही, पण एका परिषदेत अशी डिश हातात घेऊन पाहिली आहे. त्या ठिपक्यांकडे बघताना मला आत्याच्या डोळ्याचा फोटो आठवला. त्यात नेमका हाच रंग मधोमध पुसला गेलेला आहे.

पेशी तयार झाल्या म्हणजे काम झालं, असं बाहेरून वाटतं. खरा प्रश्न तिथून सुरू होतो, आणि मला यातलं सगळ्यात विलक्षण तेच वाटतं. त्या पेशी सुईने पडद्याखाली सोडल्या तर? तसे प्रयत्न झाले आहेत, आजही चालू आहेत, आणि त्यांची बाजू सोपी आहे: शस्त्रक्रिया लहान, पेशी साठवणं सोपं. बेंगळुरूची आयस्टेम ही कंपनीही याच वाटेने जाते आहे. पण रंजक पेशीला वर-खाली असतं. एका अंगाला बारीक केसांसारखे तंतू, ते प्रकाशपेशींच्या टोकांना कवेत घेतात; दुसरं अंग रक्तवाहिन्यांकडे. सुटी पेशी कुठल्या अंगावर पडेल, शेजारणीला चिकटेल की एकीवर एक ढीग होईल, हे आपल्या हातात नसतं. कशालाच न चिकटलेली पेशी तर बरेचदा मरूनच जाते. पायाखाली आधार नाही हा तिच्यासाठी मरणाचा संदेश असतो. डोळ्यात तिला आधार देणारं एक पातळ आवरण असतं, ब्रुक्स मेम्ब्रेन, दोन ते चार मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दुप्पट-चौपट, जाडीचं. ज्या वयात हा आजार होतो त्या वयात तेच जाड आणि चरबट झालेलं असतं. नव्या पेशींना तिथे धड पाय रोवता येत नाही.

कोकणात माझ्या मामाकडे भाताची चटई रोपवाटिका करतात. बी शेतात विखरून टाकत नाहीत. प्लास्टिकच्या कागदावर मातीचा पातळ थर देऊन त्यात रोपं दाट वाढवतात, मुळं एकमेकांत गुंतून त्यांची चटई होते, आणि ती चटई गुंडाळून चिखलात नेतात. रंजक पेशींच्या बाबतीत संशोधकांनी हेच केलं. पेशी आधी बाहेर एका पातळ पटलावर वाढवायच्या, त्या एकमेकींना जुळू द्यायच्या, त्यांचं वर-खाली ठरू द्यायचं, आणि मग अख्खं पटल डोळ्यात न्यायचं. या पटलाला स्कॅफोल्ड म्हणतात.

ते कशाचं करायचं, यावर चार गटांनी चार उत्तरं शोधली आणि प्रत्येकाचा तर्क वाचताना माझं मन त्याच्याकडे झुकलं. पटल इतकं सच्छिद्र हवं की खालचं पोषण वर आणि वरचा कचरा खाली जाईल. पण भोकं इतकी मोठी नकोत की पेशी त्यातून निसटतील. ते गुंडाळून बारीक छेदातून आत सरकलं पाहिजे आणि आत गेल्यावर आपोआप सपाट झालं पाहिजे. कड जरी वर वळली तरी पडदा उचलला जाईल. शरीराने त्याच्यावर चालून येता कामा नये.

लंडनमध्ये पीट कॉफी आणि लिंडन दा क्रूझ यांच्या गटाने पॉलिएस्टर घेतलं. त्यावर व्हिट्रोनेक्टिन नावाच्या प्रथिनाचा लेप दिला आणि भ्रूणातल्या मूळपेशींपासून केलेल्या रंजक पेशी वाढवल्या. पट्टी ६ बाय ३ मिलिमीटरची. कॅलिफोर्नियात मार्क हुमायून, डेनिस क्लेग, आमीर काशानी आणि सहकाऱ्यांनी पॅरिलीन निवडलं. इलेक्ट्रॉनिक्समधल्या आणि शरीरात बसवायच्या उपकरणांवर ज्या पॉलिमरचा लेप देतात तेच हे, पण इथे ते जागोजागी मायक्रॉनच्याही अंशाइतकं पातळ करून घेतलं, म्हणजे रेणू त्यातून ये-जा करू शकतील. ही दोन्ही पटलं डोळ्यात कायमची राहतात. बेथेस्डाच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटमधल्या कपिल भारती यांना ते नको होतं. चंडीगड आणि बडोद्यात शिकून जर्मनीमार्गे अमेरिकेत गेलेला हा संशोधक. त्यांच्या गटाने पीएलजीए वापरलं, विरघळणारे टाके ज्या जातीच्या पॉलिमरचे असतात त्याच जातीचं. त्याचे अतिसूक्ष्म धागे विजेच्या दाबाखाली ओढून जाळी करतात. पेशी त्या जाळीवर वाढतात, स्वतःखाली स्वतःचं आवरण घडवतात, आणि जाळी हळूहळू विरून जाते. पट्टी २ बाय ४ मिलिमीटरची, तिच्यावर पाऊण लाखाच्या आसपास पेशी. पेशीही परक्या नाहीत, त्याच रुग्णाच्या रक्तातून घेऊन आयपीएस करून घडवलेल्या. २०१९ मध्ये त्यांनी उंदीर आणि डुकरांवरचे निष्कर्ष मांडले आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये कोरडा एएमडी असलेल्या पहिल्या माणसाच्या डोळ्यात ही पट्टी बसवली गेली. शस्त्रक्रिया तोवर जॉन्स हॉपकिन्समध्ये गेलेल्या काशानी यांनीच बेथेस्डामध्ये केली.

चौथं उत्तर जपानमधल्या कोबेचं. मासायो ताकाहाशी यांनी पटलच ठेवलं नाही. कोलॅजनच्या जेलीवर पेशींची चादर वाढवली, मग एन्झाइमने जेली विरघळवली आणि नुसती पेशींची चादर उचलली. १.३ बाय ३ मिलिमीटर. १२ सप्टेंबर २०१४ रोजी सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंच्या डोळ्यात ती ठेवली गेली, त्यांच्याच कातडीपासून केलेल्या पेशींची. आयपीएस पेशींपासून घडवलेला भाग माणसाच्या शरीरात जाण्याची ती जगातली पहिली वेळ. दुसऱ्या रुग्णासाठीही पेशी तयार होत्या, पण तपासणीत जनुकीय बदल आढळले, म्हणून त्या वापरल्या नाहीत. एका माणसासाठी महिनोन्महिने वाढवलेल्या पेशी अशा बाजूला ठेवण्याला काय लागतं, ते कल्चरमध्ये हात घातलेल्यांना कळेल. मला ताकाहाशींबद्दल सगळ्यात जास्त आदर त्या निर्णयामुळे वाटतो.

या प्रयोगाचा अहवाल १६ मार्च २०१७ च्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. वर्षानंतर चादर जागच्या जागी, गाठ नाही, पीतबिंदूला सूज मात्र होती. दृष्टी सुधारली नाही, खालावलीही नाही. त्याच अंकात तो लेख संपतो त्याच्या पुढच्याच पानावर दुसरा लेख सुरू होतो. अमेरिकेतल्या फ्लोरिडातल्या तीन बायका, ७२ ते ८८ वयाच्या, तिघींना एएमडी. एका क्लिनिकमध्ये त्यांच्या पोटाची चरबी काढली, त्यातून "स्टेम सेल" म्हणून जे निघालं ते दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचलं. प्रत्येकीने ५००० डॉलर मोजले होते. क्लिनिकने चाचण्यांच्या सरकारी नोंदणीच्या संकेतस्थळावर अभ्यास म्हणून नोंदही केलेली होती. तिघींचे पडदे सुटले किंवा आत रक्तस्राव झाला, आणि इंजेक्शनाआधी थोडंफार तरी दिसणाऱ्या या बायका जवळजवळ आंधळ्या झाल्या.

ती पानं मी लागोपाठ वाचली आणि मला संताप आला, आजही येतो. एकीकडे वर्षानुवर्षं पेशींची ओळख पटवून, त्यांची दिशा ठरवून, एकाच डोळ्यात एकच चादर ठेवून "दृष्टी तशीच राहिली" एवढंच सांगणारी माणसं. दुसरीकडे कशाच्या पेशी, त्या कुठे चिकटणार, तिथे त्यांनी काय होणं अपेक्षित आहे, यातलं काहीही न पाहता दोन्ही डोळे पणाला लावणारी. आणि दोघांकडेही शब्द तेच, स्टेम सेल. आत्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या जाहिरातींमध्येही तेच असतात. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं रक्तमूळपेशींचं रोपण सोडून बाकी सगळे स्टेम सेल उपचार फक्त मंजूर चाचणीतच करता येतात, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. मी आत्याला आणि तिच्या मैत्रिणींना हे एकच वाक्य पाठ करायला लावलं आहे: पैसे मागितले की उठून यायचं.

आशा ठेवायला जागा नाही असं मात्र मुळीच नाही. लंडनच्या पहिल्या दोन रुग्णांचा अहवाल २०१८ मध्ये आला. बारा महिन्यांत नजर तपासायच्या तक्त्यावरची एकाची २९ आणि दुसऱ्याची २१ अक्षरं वाढली. या तक्त्यावर एका ओळीत पाच अक्षरं असतात, तेव्हा चार ते सहा ओळी. पण त्या दोघांना ओला एएमडी अचानक, जोरात झाला होता आणि शस्त्रक्रिया लगेच झाली. वरच्या प्रकाशपेशी अजून जिवंत होत्या. एकाचा पडदा सुटून पुन्हा बसवावाही लागला. आत्यासारख्या कोरड्या आजारात पट्टी बसवण्याचे पहिले निष्कर्ष कॅलिफोर्नियाचे, त्याच वर्षीचे. चार जणांना पट्टी बसली. कुणाचीही दृष्टी आणखी खालावली नाही आणि एकाची १७ अक्षरं वाढली. त्या चाचणीतली एक व्यक्ती दोन वर्षांनी वेगळ्याच कारणाने वारली आणि डोळे तपासणीसाठी मिळाले. पॅरिलीनच्या पटलावर परक्या माणसाच्या पेशी जिवंत होत्या, रंग धरून होत्या, वरचं अंग वर आणि खालचं खाली राखून होत्या. स्वतःला फारसा उपयोग होणार नाही हे ठाऊक असताना चाचणीत उतरलेल्या आणि जाताना डोळे देऊन गेलेल्या त्या व्यक्तीमुळेच हे कळलं.

आपल्या जवळचं उदाहरण पडद्याचं नाही, बुबुळावरच्या पारदर्शक पटलाचं आहे, पण आधारावर पेशी वाढवण्याची विद्या तीच. चुना किंवा आम्ल उडून बुबुळाच्या कडेच्या मूळपेशी जळाल्या की त्या पारपटलावर पांढरी साय चढते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत विरेंदर सांगवान, गीता वेमुगंटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ पासून चांगल्या डोळ्यातला कणभर तुकडा घेऊन वारेच्या आतल्या पातळ आवरणावर पेशी वाढवल्या आणि त्या आवरणासकट जळलेल्या डोळ्यावर लावल्या. २०० रुग्णांच्या दहा वर्षांच्या अभ्यासात ७१ टक्के यश मिळालं. बाळंतपणानंतर एरवी टाकून दिलं जाणारं ते आवरण. फ्रान्समध्ये रंजक पेशी वाढवण्यासाठीही तेच वापरलं गेलं. आणि २०१२ मध्ये सांगवान यांच्या गटाने प्रयोगशाळेची पायरीच काढून टाकली: तुकड्याचे बारीक कण करून थेट डोळ्यावर, त्याच आवरणावर चिकटवायचे आणि पेशींना तिथेच वाढू द्यायचं. खर्च एवढा उतरला की साध्या शहरातल्या शल्यविशारदालाही ते जमू लागलं. पडद्याच्या बाबतीत इतकं सोपं काही होईल असं मला वाटत नाही, पण हे हैदराबादमध्ये सुचलं आणि जगभर गेलं, याचा मला फार अभिमान आहे.

आत्याला मी सगळं सांगितलं, अगदी मिलिमीटरसकट. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे माझ्या मधल्या डागात खालचा थर घातला तरी वरच्या पेशी नाहीतच, हो ना?" भूगोलाच्या बाई, नकाशा लगेच कळतो. हो, डागाच्या मध्यावर नुसती पट्टी पुरणार नाही, प्रकाशपेशीही लागतील. त्यांचंही काम चालू आहे. विस्कॉन्सिनमध्ये डेव्हिड गॅम यांच्या गटाने प्रकाशपेशी ओळीत उभ्या राहाव्यात म्हणून सूक्ष्म खळग्यांची विरघळणारी पटलं केली आहेत. कोबेमध्ये २०२० पासून आयपीएस पेशींपासून वाढवलेल्या पडद्याच्या चादरी रातांधळेपणाने सुरू होणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या दोन रुग्णांत बसवल्या आणि त्या दोन वर्षं टिकल्या. पण तिथे पेशी नुसत्या जगून भागत नाही, त्यांना पुढच्या चेतापेशींशी जोडणी करावी लागते. रंजक थराला ती अडचण नाही, म्हणूनच तो आधी पुढे गेला.

डागाच्या कडेची गोष्ट वेगळी. तिथे रंजक थर आजारी आहे आणि वरच्या पेशी अजून आहेत. पट्टी बसवणारे शल्यविशारद हीच कड शोधतात. आत्याच्या डाव्या डोळ्यातला डाग उजव्यापेक्षा लहान आहे. डॉक्टर तपासणीला पडद्याचे फोटो काढतात आणि डाग किती सरकला ते मोजतात. ते सगळे फोटो तारखेसह एका फाईलमध्ये लावून ठेव, असं मी आतेभावाला सांगितलं आहे. आपल्याकडे उद्या अशी चाचणी सुरू झाली तर तिथे आधी हेच विचारतील: डाग केवढा आहे, आणि तो किती वेगाने वाढतोय.